कॅमेरा आवरत नाही? थर्ड पर्सन गेम नव्याने खेळणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

उडी बरोबर मारली होती. कड्याच्या टोकाशी आले, बटण दाबलं, नायिका झेपावली आणि तेवढ्यात कॅमेरा मागच्या खडकाला अडून गर्रकन डावीकडे वळला. कंट्रोलरवरची अंगठ्याने हलवायची स्टिक मी पुढेच दाबून धरली होती, पण कॅमेरा वळल्यावर ‘पुढे’ची दिशाच बदलली. नायिका हवेतच तिरकी झाली आणि थेट दरीत गेली. एकाच कड्यावर हे अकरा वेळा झालं. त्यानंतर दोन आठवडे मी तो गेम उघडलाच नाही. आपले हात संथ आहेत, हे गेम आपल्यासाठी नाहीत, अशी माझी खात्री झाली होती.

हात ठीक होते. थर्ड पर्सन गेममध्ये, म्हणजे जिथे नायक पाठीमागून दिसतो तिथे, कॅमेरा बहुधा आपणच हलवायचा असतो, आणि तो मला कुणी शिकवलाच नव्हता. गेम चालायला, धावायला, तलवार चालवायला शिकवतो, पण पाठीमागून चालणाऱ्या त्या अदृश्य डोळ्याबद्दल ‘उजवी स्टिक फिरवा’ एवढंच सांगून मोकळा होतो. म्हणून मी ज्या क्रमाने तो ताब्यात आणला, तोच क्रम इथे देते आहे. सुरुवातीची जुळवाजुळव करायला तासभर लागेल. हा तास गेम सुरू केल्याच्या पहिल्याच दिवशी द्या, वैतागून सोडायची वेळ आल्यावर नको.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- तुमचा नेहमीचा कंट्रोलर, पूर्ण चार्ज केलेला. माउसवर खेळत असाल तर माउस.
- टीव्हीचा रिमोट, कारण टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये जावं लागणार आहे.
- आकडे टिपायला कागद किंवा मोबाइल.
- सेकंद मोजता येतील असं घड्याळ.
- गेममधली एक मोकळी, शत्रू नसलेली जागा, जिथे एकटं झाड किंवा खांब आहे.

१. कॅमेरा नेमका कुठे असतो ते समजून घ्या

नायकाच्या खांद्यातून मागे एक लांब काठी निघाली आहे आणि तिच्या टोकाला कॅमेरा बांधला आहे, असं समजा. उजवी स्टिक ही काठी नायकाभोवती फिरवते. काठीच्या वाटेत भिंत आली की गेमला ती आखूड करावी लागते, नाहीतर कॅमेरा भिंतीच्या आत जाईल. अरुंद खोलीत नायकाची पाठ अचानक अख्खा पडदा व्यापते, ती यामुळे. काही गेम काठी आखूड करण्याऐवजी ती बाजूला वळवतात. माझ्या कड्यावर हेच होत होतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. आजच्या बहुतेक गेममध्ये डाव्या स्टिकची दिशा कॅमेऱ्यावरून ठरते. स्टिक वर दाबली की नायक स्वतःच्या नाकाच्या दिशेने जात नाही, कॅमेरा जिकडे पाहतो तिकडे जातो. म्हणून कॅमेरा वळला की तुमचा अंगठा जागेवर असूनही नायकाची वाट बदलते. ‘मी सरळच चाललो होतो, तो वाकडा गेला’ ही नवख्या माणसाची तक्रार खरी असते, आणि तिचं कारण हे आहे.

ही गुंतागुंत पहिल्यापासूनची आहे. १९९६ साली आलेल्या ‘सुपर मारिओ ६४’मध्ये कॅमेरा हे एक पात्रच होतं. लाकितू नावाचा ढगावर बसलेला कॅमेरामन मारिओच्या मागे उडत असे आणि खेळाडू पिवळ्या सी-बटणांनी त्याला हलवत असे. खेळाडूला आता दोघांना सांभाळायचं आहे, हे निर्मात्यांनी उघडपणे सांगून टाकलं होतं. मला ही कल्पना अजूनही फार उपयोगी वाटते. कॅमेऱ्याला पार्श्वभूमी समजू नका, दुसरा सोबती समजा.

२. पडदा आणि कंट्रोलर तपासून घ्या

गेमच्या सेटिंग्जला हात लावण्याआधी हे उरकून घ्या, नाहीतर टीव्हीचा दोष तुम्ही गेममध्ये शोधत बसाल.

टीव्हीवर खेळत असाल तर ‘गेम मोड’ चालू करा. टीव्ही चित्र गुळगुळीत आणि उठावदार करण्यासाठी प्रत्येक चित्रावर थोडं काम करतो आणि त्यात वेळ जातो. अंगठा हलवल्यावर कॅमेरा उशिरा हलतो. मग तुम्ही स्टिक आणखी दाबता आणि कॅमेरा हव्या त्या जागेच्या पुढे निघून जातो. गेम मोडमध्ये हे काम बहुतांशी बंद होतं.

गेममध्ये ‘परफॉर्मन्स’ आणि ‘क्वालिटी’ असे दोन पर्याय असतील तर शिकताना परफॉर्मन्स घ्या, त्यात सेकंदाला जास्त चित्रं दिसतात. सेकंदाला ३० चित्रं असतील तर प्रत्येक चित्र सुमारे ३३ मिलिसेकंद टिकतं, ६० असतील तर सुमारे १७. कॅमेरा फिरवताना हा फरक डोळ्यांना लगेच कळतो.

आता दोन्ही हात कंट्रोलरवरून काढा आणि पडदा पाहा. कॅमेरा आपोआप हळूहळू सरकतोय का? सरकत असेल तर स्टिकला ड्रिफ्ट आहे. नेहमीच्या स्टिकमधले पोटेन्शिओमीटर (स्टिक किती कलली ते मोजणारे भाग) वापराने झिजतात आणि अंगठा नसतानाही थोडा दाब असल्याचं कळवत राहतात. यावर तात्पुरता उपाय चौथ्या पायरीत आहे.

माउसवाल्यांसाठी: विंडोजमधला ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ हा पर्याय बंद करा. तो चालू असला की हात जितक्या वेगाने हलवाल त्यावर पॉइंटर किती सरकेल हे बदलतं, आणि हाताला अंतराची सवयच लागत नाही. बरेच नवे गेम हा पर्याय मानत नाहीत, तरी बंद केलेला बरा.

३. दिशा ठरवा: तुम्ही मान वळवता की कॅमेरा ढकलता?

सगळ्यात जास्त लोक इथे अडतात आणि कारण न कळताच अडकून राहतात.

स्टिक उजवीकडे नेली की काय व्हायला हवं, याची डोक्यात दोन चित्रं असू शकतात. पहिल्यात तुम्ही स्वतःची मान उजवीकडे वळवता, म्हणजे दृश्य उजवीकडे जायला हवं. दुसऱ्यात कॅमेरा तुमच्या हातात आहे आणि तुम्ही तो उजवीकडे ढकलता. मग कॅमेरा नायकाच्या उजव्या बाजूला जातो आणि दृश्य डावीकडे वळतं. दोन्ही चित्रं बरोबर आहेत. वर-खाली दिशेचंही तसंच: स्टिक वर नेली की आकाश दिसावं, की कॅमेरा नायकाच्या डोक्यावर चढून जमीन दिसावी?

आज बहुतेक गेम पहिलं चित्र धरून चालतात. तुमचं डोकं दुसऱ्या चित्रावर चालत असेल तर कितीही सराव करा, घाईच्या क्षणी अंगठा उलटाच जाणार. म्हणून ही परीक्षा करा: डोळे मिटा, नायकाच्या उजव्या हाताला आवाज झाला अशी कल्पना करा आणि विचार न करता स्टिक हलवा. डोळे उघडून पाहा. मग वरून पक्षी ओरडला असं समजून पुन्हा करा. दोन्ही दिशांची पाच-पाच वेळा परीक्षा घ्या. अंगठा बहुतेक वेळा उलटा जात असेल तर सेटिंग्जमध्ये ‘इन्व्हर्ट एक्स’ किंवा ‘इन्व्हर्ट वाय’ चालू करा. एक्स म्हणजे आडवी दिशा, वाय म्हणजे उभी. दोन्ही वेगवेगळ्या ठरवता येतात. माझी आडवी दिशा सरळ आहे आणि उभी उलटी. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि ‘सगळे सरळच ठेवतात’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

४. वेग ठरवा

‘कॅमेरा सेन्सिटिव्हिटी’ म्हणजे स्टिक पूर्ण दाबल्यावर कॅमेरा किती वेगाने फिरतो. गेममधला आकडा फसवा असतो, कारण एका गेममधला ५ आणि दुसऱ्यातला ५ यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. म्हणून आकडा बघू नका, फेरीचा वेळ मोजा.

झाडासमोर उभे राहा. झाड पडद्याच्या मध्यावर आणा. उजवी स्टिक एका बाजूला पूर्ण दाबा आणि झाड पुन्हा मध्यावर येईपर्यंत सेकंद मोजा. नव्या माणसाला पूर्ण फेरीसाठी तीन सेकंदांच्या आसपासचा वेळ सोयीचा पडतो, असा माझा अनुभव आहे. पाच सेकंद लागत असतील तर मागून आलेला शत्रू दिसायच्या आत वार होतो. दीड सेकंदात फेरी होत असेल तर झाड मध्यावर थांबवणंच जमत नाही. उभी दिशा आडवीपेक्षा थोडी संथ ठेवा, कारण वर-खाली फार जावं लागत नाही आणि तिथली चूक जास्त जाणवते.

मग अचूकतेची परीक्षा: झाडापासून नजर बाजूला न्या आणि एकाच हालचालीत परत झाडावर आणा. दरवेळी पुढे निघून जात असाल तर वेग एक पायरी कमी करा. दरवेळी अलीकडेच थांबत असाल तर एक पायरी वाढवा.

‘डेड झोन’ म्हणजे स्टिकच्या मध्याभोवतीचा असा भाग, जिथली हालचाल गेम मोजतच नाही. ड्रिफ्ट असेल तर कॅमेरा सरकायचा थांबेपर्यंत हा भाग थोडा थोडा वाढवा. ड्रिफ्ट नसेल तर जमेल तितका कमी ठेवा, म्हणजे हलका स्पर्शही लागू पडेल. ‘अॅक्सिलरेशन’ म्हणजे स्टिक धरून ठेवल्यावर कॅमेऱ्याचा वेग वाढत जाणं. शिकताना तो शून्यावर किंवा सगळ्यात कमी ठेवा. ‘रेड डेड रिडेम्पशन २’सारख्या गेममध्ये हे सगळे पर्याय वेगवेगळे मिळतात. काही गेममध्ये फक्त एकच पट्टी असते, तिथे तेवढ्यावर भागवावं लागतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला. हे मी फार कळकळीने सांगते. चार पट्ट्या एकदम हलवल्या की काय सुधारलं आणि काय बिघडलं हे कळायला मार्गच राहत नाही. बदल केल्यावर किमान वीस मिनिटं खेळा. पहिल्या पाच मिनिटांत कुठलाही बदल वाईटच वाटतो.

५. आपोआप वळणारा कॅमेरा

बरेच गेम तुम्ही चालू लागलात की कॅमेरा हळूहळू नायकाच्या पाठीमागे आणतात. सेटिंग्जमध्ये याला ‘ऑटो रीसेंटर’, ‘कॅमेरा फॉलो’, ‘ऑटो रोटेशन’ अशी नावं असतात. मोकळ्या मैदानात याची चांगली मदत होते. पण तुम्ही मुद्दाम बाजूला पाहत चालत असाल, तर तुम्ही एकीकडे ओढता आणि गेम दुसरीकडे.

माझा सल्ला असा: पहिले दोन-तीन दिवस हे चालू ठेवा, कारण तेव्हा उजव्या अंगठ्याला कामाची सवय नसते. अंगठा आपोआप हलायला लागला की बंद करून पाहा. ‘एल्डन रिंग’मध्ये भिंतीपासून कॅमेरा आपोआप सावरण्याचा पर्यायही वेगळा आहे. अरुंद बोगद्यात कॅमेरा भिरभिरत असेल तर तो दोन्ही प्रकारे तपासा.

आता एक बटण शोधून काढा: कॅमेरा एका झटक्यात नायकाच्या पाठीमागे आणणारं. ‘डार्क सोल्स’ मालिकेत आणि ‘एल्डन रिंग’मध्ये समोर शत्रू नसताना उजवी स्टिक आत दाबली की हे होतं. झेल्डाच्या गेममध्ये लक्ष्य धरायचं, म्हणजे शत्रूवर नजर खिळवायचं, बटणच हे काम करतं. उजवी स्टिक फिरवत बसण्याऐवजी डाव्या स्टिकने नायकाचं तोंड हव्या दिशेला करायचं आणि हे बटण दाबायचं. मला ही युक्ती फार उशिरा कळली. कड्यावरची माझी उडी शेवटी याच बटणाने जमली.

६. मळमळत असेल तर

डोळे सांगतात आपण फिरतोय, आतल्या कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं आपण बसलोय. या विसंगतीने डोकं जड होतं, घाम येतो, मळमळतं. हा अशक्तपणा नाही आणि जोर लावून तो जात नाही. पहिलं लक्षण दिसताच थांबा. ‘एवढी एक लढाई संपवते’ म्हटलं की उरलेला दिवस जातो.

सेटिंग्जमध्ये हे क्रमाने करा: ‘मोशन ब्लर’ (हलताना दृश्य धूसर होणं) बंद, ‘कॅमेरा शेक’ (कॅमेरा हादरणं) शून्य, कॅमेऱ्याचं अंतर सगळ्यात लांब. ‘फील्ड ऑफ व्ह्यू’ म्हणजे दृश्याची रुंदी. पडद्याच्या अगदी जवळ बसत असाल तर ती थोडी वाढवून पाहा. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ या २०२० च्या गेममध्ये पडद्याच्या मध्यावर कायम दिसणारा एक ठिपका चालू करता येतो. नजर ठेवायला स्थिर जागा मिळाली की बऱ्याच जणांना आराम पडतो. असा पर्याय तुमच्या गेममध्ये आहे का, ते ‘अॅक्सेसिबिलिटी’ विभागात बघा. तो विभाग आपल्यासाठी नाही असं समजून बरेच लोक तो उघडतच नाहीत.

खोलीत दिवा लावा आणि थोडं मागे बसा.

७. लढाईत: लॉक-ऑन कधी धरायचं, कधी सोडायचं

लॉक-ऑन म्हणजे कॅमेऱ्याला एका शत्रूवर खिळवणं. १९९८ च्या ‘ऑकारिना ऑफ टाइम’ या झेल्डा मालिकेतल्या गेममध्ये झेड बटण दाबलं की नायक लिंकची नजर शत्रूवरून हटत नसे. तेव्हापासून साहसी गेमच्या लढाईत ही पद्धत रुळली. २०२० मध्ये आलेल्या ‘घोस्ट ऑफ सुशिमा’त मात्र ती सुरुवातीला नव्हती, २०२१ मध्ये पर्याय म्हणून आली. म्हणजे तुमच्या गेममध्ये लॉक-ऑन सापडत नसेल तर आधी अपडेट आणि सेटिंग्ज तपासा.

एकाच शत्रूशी लढताना लॉक-ऑन धरा. उजवा अंगठा मोकळा होतो. तिघे-चौघे अंगावर आले की सोडा, कारण कॅमेरा एकावर खिळलेला असताना बाकीचे पडद्याबाहेरून वार करतात. आणि शत्रू घराएवढा मोठा असेल तर नक्की सोडा. लॉक त्याच्या छातीवर किंवा डोक्यावर बसतं, कॅमेरा वर बघत राहतो आणि तुम्हाला त्याचे पायही दिसत नाहीत, स्वतःचेही नाहीत. अशा वेळी लॉक सोडून दहा पावलं लांब जा, अख्खा शत्रू पडद्यात आणा आणि मग आत शिरा.

भिंतीकडे पाठ करू नका. नवखा माणूस घाबरून मागे मागे सरकतो, काठी आखूड होते, पडद्यावर नायकाचे केस आणि शत्रूचं पोट एवढंच उरतं. कोपऱ्यात आलात तर मागे नको, शत्रूच्या बगलेतून पुढे लोळण घ्या. पलीकडे गेलात की कॅमेऱ्यामागे मोकळी जागा येते.

८. उडीचं बटण हलवा

उडी, वार आणि लोळण ही कामं बऱ्याच गेममध्ये कंट्रोलरच्या उजव्या चार बटणांवर असतात आणि कॅमेरा उजव्या स्टिकवर. दोन्हींना अंगठा एकच! म्हणजे उडी मारताना कॅमेरा सोडावाच लागतो. नेमका हवेत असताना तुम्ही आंधळे होता.

उडी किंवा लोळण वरच्या खांद्याच्या बटणावर न्या. गेममध्ये बटणं बदलायची सोय नसेल तर प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, निन्टेन्डो स्विच यांच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये आणि पीसीवर स्टीम या गेम चालवायच्या अॅपमध्ये ती आहे. मात्र कन्सोलवर केलेला बदल दुसऱ्या गेममध्ये आणि मेनूतही लागू होतो, तेव्हा खेळून झाल्यावर पूर्ववत करायला विसरू नका. नवीन जागा अंगवळणी पडायला मला तीन-चार दिवस लागले, पण उड्यांमध्ये जितका फरक याने पडला तितका दुसऱ्या कुठल्याच गोष्टीने पडला नाही.

९. रोज दहा मिनिटांचा सराव

झाडाभोवती गोल धावा आणि झाड कायम पडद्याच्या मध्यावर ठेवा. पाच फेऱ्या डावीकडून, पाच उजवीकडून. दोन्ही अंगठ्यांना एकाच वेळी वेगळी कामं करायला शिकवायचा याहून चांगला मार्ग मला सापडलेला नाही. नंतर सरळ रस्त्यावर धावत असताना नजर बाजूला नेऊन परत आणा, पण नायकाची वाट मोडू देऊ नका. यासाठी उजव्या स्टिकबरोबर डावी स्टिकही उलट बाजूला वळवावी लागेल. पहिल्या दिवशी हे अशक्य वाटतं. चौथ्या दिवशी आपण हे करतोय हे लक्षातही येत नाही.

उडीआधी एक शिस्त पाळा: थांबा, कॅमेरा उडीच्या रेषेत आणा, थोडा वर उचला म्हणजे पलीकडची जमीन आणि नायकाची सावली दोन्ही दिसतील, आणि मगच धावा. हवेत असताना गरज असल्याशिवाय उजव्या स्टिकला हात लावू नका.

सहसा होणाऱ्या चुका

कुठल्या तरी तरबेज खेळाडूचे आकडे जसेच्या तसे उतरवणं ही पहिली. त्याचा पडदा, त्याचं अंतर, त्याचा हात वेगळा असतो. दुसरी, हरल्यावर रागाच्या भरात सेटिंग्ज बदलणं. तेव्हा नको, दुसऱ्या दिवशी शांतपणे बदला. तिसरी, नेम धरतानाचा वेग तपासायचा राहून जाणं. धनुष्य किंवा बंदूक रोखल्यावरची सेन्सिटिव्हिटी बहुधा वेगळ्या पट्टीवर असते, आणि ‘कॅमेरा ठीक आहे पण नेमच लागत नाही’ म्हणणाऱ्यांची अडचण तिथेच असते.

जुने गेम खेळायला घ्याल तेव्हा यातलं बरंच लागू होणार नाही. १९९६ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये कॅमेरा प्रत्येक कोपऱ्यात ठरलेल्या जागी असतो आणि खोलीत पुढे गेलं की एकदम दुसरीकडे उडी मारतो. तिथे ‘वर’ म्हणजे कायम नायकाच्या नाकाची दिशा. दृश्य पालटलं तरी तुमची वाट मोडू नये हा त्यातला फायदा. तिथे स्टिकऐवजी बाणांच्या बटणांवर खेळा, लवकर जमतं.

सगळं मनासारखं जुळलं की सेटिंग्जच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. गेम पुन्हा इन्स्टॉल केला किंवा यंत्र बदललं की हे आकडे पुसले जाऊ शकतात. फोटोखाली फेरीचा वेळ सेकंदांत लिहा, आणि तुमची एक्स सरळ की उलटी, वाय सरळ की उलटी तेही. पुढचा गेम सुरू कराल तेव्हा पट्ट्यांवरचे आकडे कामाला येणार नाहीत, पण ते सेकंद येतील: झाड शोधा, फेरी मोजा, आणि तोच वेळ जुळेपर्यंत पट्टी हलवा.